नाडी

(पोर्ट्समथ, १८८४)

बायकांना प्रवेश फुकट होता, म्हणून गेले.
पहिल्याच बाकावर बसले मी, थिर्झा पास्को,
कॉर्सेट शिवणारी,
वीस वर्षं एकाच खिडकीपाशी.

डॉक्टर लेथब्रिजांनी काचेची बरणी वर धरली.
आत कुणाचं तरी यकृत, मधोमध खाच पडलेलं,
ओल्या कणकेत दोरा रुतावा तसं.
"ही पाहा," ते म्हणाले, "तुमची फॅशन."
मागे कुणीतरी रुमाल काढला.
मी खाचेची रुंदी पाहत होते.
आमचा दोरा नव्हता तो. आमचा आठपदरी असतो.

मग ते पंधरा इंचांच्या कंबरेवर आले.
डॉक्टर, पंधरा इंचांचा मी जन्मात एकच शिवला,
तो दुकानाच्या काचेत आहे, लाकडी बाईच्या अंगावर.
तिला जेवावं लागत नाही.
बाकीच्या चोवीस, सव्वीस,
मासळीवाली मिसेस ट्रेगिअर एकतीस,
आणि पाठीमागे दोन बोटं फट, हा धंद्याचा शिरस्ता.
आकडा सगळ्या गावाला सांगतात.
फट कुणी सांगत नाही.

आई म्हणायची, तिच्या वेळी भोकांना नुसता दोरा विणलेला असे,
जास्त ओढलं की आधी कापड फाटायचं, बाई वाचायची.
पुढे पितळेची कडी आली.
आता कापड हार मानत नाही.

आणि देवमाशाचं हाड म्हणतात, ते हाड नव्हेच.
ते त्याच्या तोंडातलं गाळणं, समुद्र गाळून खायचं.
गरम पाण्यात घातलं की मुकाट वाकतं,
निवलं की दिलेलं वळण सोडत नाही.
वीस वर्षांत माझ्या मानेचंही तेच झालंय.

मिसेस ट्रेगिअर उठून म्हणाली,
"टोपल्या तुम्ही उचला, मग मी हा काढते.
याच्याशिवाय माझी पाठ दुपार बघत नाही."
सभा हसली. डॉक्टरही हसले.
मी मंगळवार आठवत होते,
मागच्या दाराने आलेल्या त्यांच्या बायकोचा,
"आणखी एक इंच, आणि ह्यांच्या कानावर नको."
नाही घातलं कानावर. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

एक बरणी माझ्याकडेही आहे, ती मी दाखवत नाही.
किझाया, माझी धाकटी, बड्या घरी मोलकरीण.
पाचवा महिना.
कळलं तर त्याच संध्याकाळी रस्ता.
मी दोन पट्ट्या जादा घातल्या,
गुडघा तिच्या पाठीला लावून स्वतः नाडी ओढली.
ती म्हणाली, अजून.
मी म्हटलं, पुरे गं.
ती म्हणाली, थिर्झा, अजून.
फेब्रुवारीत तिची नोकरी टिकली होती.
एवढंच सांगते.

शेवटी डॉक्टरांना एक बाई हवी होती, दाखवायला.
मी समोरच होते.
त्यांनी मनगट धरलं, घड्याळ काढलं,
"नाडी पाहा किती जलद. आवळण्याचा परिणाम."
एक नाडी त्यांच्या बोटाखाली होती,
दुसरी माझ्या पाठीवर, सैलच बांधलेली,
आणि तिसरी, जिच्यामुळे पहिली धावत होती,
ती अजून माझ्या मुठीतून सुटलेली नव्हती.
मी म्हटलं, "होय डॉक्टर."

घरी येऊन सगळं सोडलं,
कुशीवरचे वळ खाजवले, मनसोक्त.
या सुखावर कुणी व्याख्यान देत नाही.

उद्या चोवीस नग द्यायचेत.
त्यातला एक नौदलातल्या कप्तानाचा,
पोट आत राहावं म्हणून.
चिठ्ठीवर मात्र लिहिलंय:
पाठदुखीसाठी, वैद्यकीय सल्ल्याने.